आकडा येतो, पण तो खरा असतो का?

आर्डुइनोसारखे छोटे संगणक शाळांच्या प्रयोगशाळेत येत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या प्रयोगांत रोटरी एन्कोडर बहुधा असतोच. अक्ष फिरवला की आकडा वाढतो, उलटा फिरवला की उतरतो. आमची तक्रार आहे ती हा आकडा मोजण्याच्या प्रचलित रीतीबद्दल.

एन्कोडरमधून अ आणि ब असे दोन संकेत निघतात. ते एकमेकांच्या पाव आवर्तन मागेपुढे असतात. म्हणून अक्ष एका दिशेने फिरताना 00, 01, 11, 10 आणि पुन्हा 00 असा क्रम दिसतो. दिशा बदलली की क्रमही उलटतो. प्रत्येक पायरीला एकच अंक बदलतो, हे यातले मर्म.

प्रचलित आज्ञावली मात्र या चार बदलांपैकी एकच पाहते. अ शून्यावरून एकावर गेला की ब तपासायचा, एक मिळवायचा किंवा वजा करायचा आणि संपर्काची थरथर शमावी म्हणून 5 मिलिसेकंद थांबायचे! आता अक्ष नेमका अ बदलतो त्याच जागी थबकून हलू लागला, तर ब तसाच राहतो आणि आकडा उगाच वाढत जातो. शिवाय फेऱ्याला 600 स्पंद देणारा एन्कोडर सेकंदाला 10 फेरे फिरला, तर 24,000 बदल होतात. म्हणजे त्या 5 मिलिसेकंदांत 120 बदल निसटतात आणि संगणक चकार शब्द काढत नाही.

यापेक्षा मागची आणि आताची स्थिती यांच्या 16 जोड्यांचा तक्ता करावा. चार जोड्यांना अधिक एक, चारांना उणे एक, चारांना शून्य. एका संकेताच्या थरथरीतले अधिक-उणे आपोआप कटते. उरलेल्या चार जोड्यांत दोन्ही अंक एकदम बदलतात, म्हणजे मधली पायरी वाचायची राहिली. या चुका वेगळ्या मोजून पडद्यावर दाखवाव्यात. तक्ताही सर्वज्ञ नाही : सलग दोन पायऱ्या हुकल्या, तर पुढची पायरी त्याला उलटी वाटते. म्हणून वाचन पुरेसे जलद हवेच.

वर्गात एक कसोटी जरूर घ्या. अक्षावर खूण करा, दहा फेरे पुढे आणि दहा मागे फिरवून खुणेवर आणा. आकडा शून्य आला नाही, तर विद्यार्थ्यांना रागावू नका; चूक कुठे शिरली ते त्यांनाच शोधू द्या. उपकरणावर शंका घ्यायला शिकणे हाही प्रयोगच आहे.