‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ : प्रादेशिक पाकग्रंथ आणि विशेषणाचा प्रश्न

पाकग्रंथात विशेषण कोणत्या पदार्थाला लागते आणि कोणत्याला लागत नाही, हे पाहिले म्हणजे त्या ग्रंथाने आपली चूल कोठे मांडली आहे ते कळते. वऱ्हाडी, नागपुरी, कोल्हापुरी, मालवणी ही विशेषणे मराठी पाकपुस्तकांत सर्रास आढळतात. साध्या वरणाला किंवा पोळीला ‘पुणेरी’ म्हणण्याची गरज मात्र कोणास भासलेली दिसत नाही. भाषाभ्यासात चिन्हित व अचिन्हित रूपांचा जो भेद केला जातो, तोच येथे स्वयंपाकघरात अवतरलेला आहे. अचिन्हित तेवढे ‘घरगुती’, बाकीचे ‘प्रादेशिक’.

या भेदाची किंमत यवतमाळ जिल्ह्यातील वाचकाला चांगली ठाऊक असते. त्याच्या घरी कोथिंबिरीस ‘सांबार’ म्हणतात, बटाट्यास ‘आलू’, शेंगदाण्यांस ‘फल्लीदाणे’, आणि ‘कोहळे’ म्हणजे लाल भोपळा. सांबारवडीचे नाव ऐकून पश्चिम महाराष्ट्रातील गृहिणीच्या मनात दाक्षिणात्य आमटीच उभी राहावी, यात तिचा दोष नाही. परंतु छापील पुस्तकात ही वडी ‘कोथिंबिरीची’ झाली की शब्दाबरोबर त्याचे घरही पुसले जाते. वस्तुतः वऱ्हाडातील अन्नाच्या लेखी नोंदी अर्वाचीन पाकग्रंथांहून कितीतरी जुन्या आहेत. महानुभाव चरित्रग्रंथांतील लीळांमध्ये खाण्यापिण्याचे उल्लेख ठिकठिकाणी विखुरलेले आहेत, आणि त्या वाङ्मयाच्या संशोधनाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, य. खु. देशपांडे, हे यवतमाळचेच होत.

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली. आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली. ‘रुचिरा’ने वाटी व चमचा ही माप-पद्धती रूढ केली, हे तिचे कार्य मोठे आहे. नवशिक्या गृहिणीचे त्यामुळे किती अन्न वाचले असेल, ते सांगता यावयाचे नाही. तथापि वाटी हे माप एक गोष्ट गृहीत धरते : मोजण्याइतके जिन्नस घरात आहेत आणि उद्याही असतील.

शाहू पाटोळे यांचा ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हा ग्रंथ नेमक्या या गृहीतावर बोट ठेवतो. मराठवाड्यातील महार व मांग समाजांचे खाद्यजीवन हा त्याचा विषय. त्यात आठवण, समाजचिकित्सा आणि पाककृती एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि हे मिश्रण हा दोष नसून ग्रंथाची गरज आहे. चान्या म्हणजे मांसाचे पट्टे उन्हात वाळवून टिकविणे. ही कृती सांगताना मांस एकाच वेळी का आले, ते कोणाकोणांत वाटले गेले आणि उरलेले साठविण्याला वाळवणाशिवाय मार्ग का नव्हता, हे सांगावेच लागते. रक्ती व वजडी यांचेही तेच. रश्श्याला दाटपणा आणणारे येसूर, म्हणजे भाजलेले धान्य व मसाले यांचे पीठ, हे मराठवाड्यात अनेक घरांत परिचित आहे. पण जेथे तूप नाही, खोबरे नाही आणि तेल बेताचे आहे, तेथे त्याचे कार्य निराळे ठरते.

मराठी पाककृती परंपरेने विध्यर्थात लिहिली जाते : घालावे, परतावे, उतरावे. हे रूप वाचकाला निमंत्रण देते. पण १९२७ साली महाड येथे डॉ. आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि स्वाभिमानाच्या त्या लढ्यात अनेकांनी ते निश्चयाने सोडले. जे सोडण्यासाठी पूर्वजांनी गावाचा रोष पत्करला, त्याची कृती ‘करावे’ अशी लिहावयाची की ‘करीत’ अशी, रीतिभूतकाळात? पुन्हा, हा ग्रंथ निघाला त्याच २०१५ साली महाराष्ट्रात गोहत्याबंदीची व्याप्ती बैल व वळू यांच्यापर्यंत वाढली. म्हणजे एका बाजूस समाजाने स्वतः केलेला त्याग, दुसऱ्या बाजूस शासनाची बंदी. आणि या दोहोंच्या मध्ये चवीची स्मृती. त्याग आणि बंदी या एक गोष्टी नव्हेत. क्रियापदाचा हा पेच मराठीतील दुसऱ्या कोणत्याही पाकग्रंथापुढे अशा तीव्रतेने उभा राहिलेला नाही.

मराठी शीर्षकात एक वाद आहे. भोजनापूर्वीच्या श्लोकाने अन्नाला पूर्णब्रह्म म्हटले; लेखकाने एका ‘अ’काराने विचारले, कोणाचे अन्न? २०२४ साली भूषण कोरगांवकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ या नावाने प्रसिद्ध झाला. ग्रंथ दूरवर पोहोचला, ही गोष्ट आनंदाचीच. परंतु नाव बदलताच वाद गेला आणि जातीचे व प्रदेशाचे अशी दोन चिन्हे स्वयंपाकघराच्या दारावर लागली. मूळ नाव सर्वांच्या ताटाविषयी विधान करते. अनुवादाचे नाव काहींच्या चुलीचे वर्गीकरण करते. अपरिचित वाचकाच्या सोयीसाठी हे केले असेल, तरी मूल्य थोडे दिले गेले असे नाही.

ग्रंथाची मर्यादा प्रदेशाची आहे, आणि ती लेखकाने स्वतः आखून घेतलेली आहे. पैनगंगेच्या एका तीरावर नांदेड व हिंगोली, दुसऱ्या तीरावर उमरखेड व पुसद. १९५६ पर्यंत हे दोन तीर हैदराबाद व मध्यप्रदेश या दोन राज्यांत होते, पण सोयरिकी व बाजार यांनी राज्यांची सीमा फारशी मानली नसावी. उत्तर तीरावरील घरांत चान्या व येसूर यांना कोणती नावे आहेत, ती कोणत्या गावापासून बदलतात, याची पाहणी पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे. तांड्यावरील बंजारा स्वयंपाकाची तशीच नोंद व्हावयास हवी. कोलामांच्या बाबतीत काम अधिक अवघड आहे, कारण कोलामी ही द्राविडी भाषा. एमेनो यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या तिच्या व्याकरणात शब्दसंग्रह आहे. त्यातील अन्नवाचक शब्द निवडून, झरी-जामणी व केळापूर तालुक्यांतील पोडांवर ते आज कोणत्या पदार्थांना लावले जातात, हे चुलीपाशी बसून विचारावे लागेल.