रस्ता म्हणजे नळ नव्हे

वाहतुकीच्या कोंडीबद्दल वर्गात बोलताना आपण एक उपमा हमखास वापरतो. रस्ता म्हणजे नळ आणि वाहने म्हणजे पाणी. नळ अपुरा पडला की पाणी तुंबते. मोठा नळ टाकला की काम झाले. वर्तमानपत्रांची भाषाही हीच असते. वाहनांचा ‘लोंढा’ येतो, कोंडी ‘फुटते’. आम्हीही अनेक वर्षे हीच उपमा वापरत आलो. ती सोपी आहे आणि मुलांना चटकन कळते. पण ती कुठपर्यंत खरी आहे, हे तपासायला हवे. कारण तिच्यातून निघणाऱ्या उत्तरांची किंमत कोणाला तरी जमिनीच्या रूपात मोजावी लागते.

ही तपासणी मुळशी तालुक्यात छान करता येते. तालुक्याच्या पश्चिमेला मुळशी धरण आहे. त्याचे पाणी घाट उतरून कोकणातल्या भिरा वीजगृहात जाते. याच धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट त्याचे नेते होते. तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी आणि माण ही गावे आहेत. नव्वदच्या दशकापासून तिथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि रोज सकाळ-संध्याकाळ वाहनांच्या रांगा लागू लागल्या. एका टोकाला खरे पाणी, तर दुसऱ्या टोकाला पाण्याची उपमा.

आता पहिला प्रश्न. पाण्याचा भरलेला नळ मध्येच अरुंद झाला, तर त्या जागी पाण्याचा वेग वाढतो. आपण हे प्रयोगाने दाखवतो. रस्ता अरुंद झाला तर? तिथे वाहने मंदावतात आणि रांग मागे मागे वाढत जाते. म्हणजे उपमा पहिल्याच पायरीवर उलटी पडली. कारण उघड आहे. पाण्याला मागून दाब रेटतो. वाहनचालक मात्र पुढच्या वाहनाकडे पाहून वेग ठरवतो. दोन वाहनांत दोन सेकंदांचे अंतर धरले, तर एका मार्गिकेतून तासाला १८०० वाहने जातील. आपल्याकडे दुचाक्या फटीफटीतून वाट काढतात, त्यामुळे हा आकडा बदलेल. पण मर्यादा ही असतेच. गर्दी तिच्यापलीकडे गेली की थांबणे आणि पुन्हा निघणे सुरू होते, आणि अशा स्थितीत रस्त्यातून जाणाऱ्या वाहनांची संख्या उलट घटते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. नळ मोठा केला म्हणून धरणातले पाणी वाढत नाही. रस्ता मोठा केला की वाहने मात्र वाढतात. आधी बसने जाणारा दुचाकी काढतो, आडवेळी जाणारा गर्दीच्या वेळी निघतो, दूर राहणे परवडू लागते. ड्युरांटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील शहरांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. महामार्गांच्या मार्गिका जितक्या प्रमाणात वाढल्या, जवळजवळ तितक्याच प्रमाणात तिथला वाहनप्रवासही वाढला, असे त्यांना आढळले.

तिसरा दोष मुलांना सर्वांत जास्त आवडेल, कारण त्यात गणित आहे. पाणी विचार करत नाही, माणूस करतो. समजा, एका गावाहून कारखान्याकडे जायला दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेवर आधी अरुंद पूल, मग रुंद रस्ता. दुसरीवर आधी रुंद रस्ता, मग अरुंद पूल. रुंद रस्त्याला नेहमी २४ मिनिटे लागतात. पुलाला लागणारी मिनिटे म्हणजे वाहनांची संख्या भागिले ५०. वाहने १०००. ती निम्मी निम्मी वाटली जातात; प्रत्येकाला १० अधिक २४, म्हणजे ३४ मिनिटे लागतात. आता पहिला पूल जिथे संपतो तिथून दुसरा पूल जिथे सुरू होतो तिथपर्यंत एका मिनिटाचा जोडरस्ता बांधला. पहिल्या दिवशी जो तिकडून जाईल त्याला १०, १ आणि १०, म्हणजे २१ मिनिटेच लागतील! ही बातमी पसरते आणि सगळेच तिकडे वळतात. आता दोन्ही पुलांवर १००० वाहने. वेळ २० अधिक १ अधिक २०, म्हणजे ४१ मिनिटे. एकट्याने जुन्या वाटेला परतावे, तर ४४ मिनिटे लागतात, म्हणून कोणी परतत नाही. रस्ता वाढला आणि प्रत्येकाचे सात मिनिटांचे नुकसान झाले. जर्मन गणितज्ञ डीट्रिश ब्राएस यांनी १९६८ साली हा विरोधाभास मांडला. प्रत्येक नवा रस्ता असेच करतो, असा याचा अर्थ नाही. नवा रस्ता उपयोगीच ठरेल हे गृहीत धरता येत नाही, एवढाच याचा अर्थ.

मग रहदारी आवरायची कशी? याचे एक उत्तर संगणकांच्या जाळ्यात मिळाले. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि जवळचे विद्यापीठ यांच्यामधला, जेमतेम ४०० यार्डांचा दुवा कोलमडला. सेकंदाला ३२ हजार बिट जात होते, तिथे ४० बिट जाऊ लागले. पाकीट पोचल्याची पोच वेळेत आली नाही की संगणक तेच पाकीट पुन्हा पाठवत आणि गर्दीत भर घालत. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली दिलेला उपाय तार जाड करण्याचा नव्हता. पाकीट हरवले तर गर्दी आहे असे समजा आणि पाठवणी एकदम कमी करा. मग हळूहळू वाढवा. थोडक्यात, वाट न रुंदावता उगमावर आवर घातला.

ही उपमाही आंधळेपणाने घेऊ नये. पाकीट वाटेत टाकून देता येते, माणूस टाकता येत नाही. तरी ‘उगमावर आवर’ हा धडा रस्त्यालाही लागू पडतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि हिंजवडीची कार्यालये घरून चालू लागली. रस्ते तेवढ्याच रुंदीचे होते, पण कोंडी नव्हती. साथीत सगळेच व्यवहार थांबले होते, हे खरे. तरीही कामाच्या वेळा विभागणे, काही दिवस घरून काम आणि भरवशाच्या बसगाड्या हे त्याच जातीचे उपाय आहेत. हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली. तिचे मोल याच हिशेबात मोजायला हवे.

२०१८ सालीच हिंजवडीच्या शिवाजी चौक परिसरात एकेरी चक्राकार वाहतूक सुरू झाली. शास्त्राच्या दृष्टीने हा उपाय चांगला आहे. साध्या चौरस्त्यावर वाहनांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना भिडतात. गोल फिरवले तर ८ ठिकाणी. आमचा आक्षेप हिशेबाच्या पद्धतीवर आहे. असे उपाय जोखताना आपण वाहनांचाच वेळ मोजतो. वळसा वाढला, तर सायकलवाल्याचे काय? न थांबणाऱ्या रांगेतून पायी चौक ओलांडणाऱ्या माणच्या शाळकरी मुलाचे काय? वाहने मोजली की पन्नास माणसांची बस आणि एका माणसाची मोटार सारखीच ठरते. मोजायची ती माणसे.

शिक्षकांनी एक प्रयोग करून पाहावा. शाळेजवळ गर्दीच्या वेळी दोन विजेच्या खांबांमधली वाहने मुलांकडून मोजून घ्या, आणि पुढच्या खांबापाशी मिनिटाला किती बाहेर पडतात तेही. आत सरासरी ६० असतील आणि मिनिटाला २० बाहेर पडत असतील, तर प्रत्येकाला सरासरी ३ मिनिटे लागतात. एकाही वाहनाचा पाठलाग न करता हे कळते. हा नियम जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला. रांग फारशी वाढत वा घटत नसेल, अशी वेळ मात्र निवडा. मग तेच मोजमाप माणसे मोजून करा आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.

मुळशीने पाण्यासाठी एकदा जमीन दिली आहे, उद्योगासाठीही दिली आहे. उद्या रस्त्यासाठी आणखी मागितली जाईल तेव्हा ‘नळ मोठा करायचा आहे’ एवढे उत्तर आपल्या विद्यार्थ्यांना पुरू नये. त्यांनी आकडे मागावेत.