सोंगाची मर्यादा

झाडीपट्टीतील लोकनाट्याविषयी लिहिताना गाण्यांची, वाद्यांची आणि झाडीबोलीची नोंद आवर्जून केली जाते. ते योग्यच आहे. मात्र ज्याच्या आधारावर हा सारा खेळ उभा राहतो, ते सोंगाचे नियम नोंदीबाहेर राहतात. भंडारा जिल्ह्यातील खडी गंमतीचे मूल्यमापन या बाजूनेही व्हायला हवे.

दिवाळी झाली की धानाच्या या प्रदेशात गावोगाव मंडई भरते आणि मंडईला गंमत हवीच. १९९९ साली गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी ही परंपरा दोन्ही जिल्ह्यांची सामाईकच राहिली. शाहीर आणि त्याचे साथीदार उभ्यानेच खेळ रंगवतात, म्हणून ती 'खडी'. स्त्रीवेष घेणारा नाच्या परंपरेने पुरुषच. कथेचा सांगाडा ठाऊक असतो; सवाल-जवाब पुष्कळदा जागच्या जागी सुचतात. 'दुय्यम' गंमतीत तर दोन शाहिरांचा सामनाच रंगतो.

जेथे छापील संहितेचा धाक नाही, तेथे अलिखित मर्यादेचे महत्त्व वाढते. समोरच्याने टाकलेला शब्द झेलावा लागतो. तो खाली पडू दिला तर दोघांचाही खेळ पडतो. शाहिराने प्रतिस्पर्ध्याला गाण्यात हरवावे, माणूस म्हणून नामोहरम करू नये. प्रेक्षकांवरही एक बंधन येते. सोंग वेगळे आणि सोंग घेणारा वेगळा, हे त्यांनी मानले पाहिजे. रात्री ज्याच्या गौळणीला दाद दिली, त्यालाच सकाळी बांधावर हिणवणारा गाव कलेचा रसिक म्हणवून घेऊ शकत नाही.

नियम लिहून ठेवले म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. बव्हेरियातील ओबरामरगाऊ गावाने १६३३ मध्ये प्लेगच्या संकटात नवस केला आणि पुढच्याच वर्षापासून ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे नाट्य सुरू केले. साधारणपणे दर दहा वर्षांनी ते होते. अलीकडचा प्रयोग २०२२ चा. गावात जन्मलेल्यांना किंवा वीस वर्षे राहिलेल्यांनाच त्यात भूमिका मिळते. विवाहित आणि पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रियांवरील बंदी उठण्यासाठी १९९० उजाडावे लागले, तेही न्यायालयाच्या निकालाने. भूमिका कोणी करावी याचे नियम असे काटेकोर होते. पण भूमिकेने शेजाऱ्याला काय करावे याचा विचार उशिरा झाला. दीर्घकाळ या नाट्यात यहुदी समाज द्वेषाचा विषय ठरला. ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सरसकट सर्व यहुद्यांवर लादता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले. तरीही संहितेत मूलगामी बदल व्हायला आणखी कित्येक वर्षे गेली.

हीच कसोटी खडी गंमतीलाही लावली पाहिजे. गंमतीतला विनोद सावकाराची हाव उघडी पाडतो, भोंदू बुवाचे ढोंग फोडतो, तेव्हा सोंगाला मिळालेली मोकळीक सार्थकी लागते. एरवी जे बोलण्याची सोय नसते ते तेथे बोलले जाते. परंतु तोच विनोद विधवेवर, अपंगावर किंवा एखाद्या जातीच्या बोलण्यावर घसरला, तर 'हे तर सोंगच आहे' ही सबब पुरेशी होत नाही. सोंग शाहिराला संरक्षण देते. ज्याच्यावर सारे हसतात त्याला ते कोण देणार? मंडई संपल्यावरही त्याला त्याच गावात राहायचे असते.

म्हणून गंमतीचा समीक्षक केवळ टाळ्या मोजून थांबू शकत नाही. हसे कोणाच्या जिवावर पिकले, हेही त्याने पाहावे. नाताळच्या नाटिका बसवणाऱ्या आपल्या धर्मग्रामांनीही एवढे ध्यानी घ्यावे. चांगले सोंग उतरवल्यावर माणसे एकमेकांच्या डोळ्यांत पाहू शकतात. ज्या खेळानंतर एखाद्याला मान खाली घालून घरी जावे लागते, तो कितीही रंगला असला तरी फसलेलाच म्हटला पाहिजे.