लुका कार्लेव्हारिस याचीं कल्पित बंदरें

अठराव्या शतकांत व्हेनिसच्या चित्रकारांनीं तैलरंगांत जीं बंदरें रंगविलीं, त्यांपैकीं पुष्कळशीं कोणत्याहि नकाशावर सांपडत नाहींत. अशा चित्रास इटालियन भाषेंत ‘काप्रिच्चो’, म्हणजे लहर, असें नांव आहे. स्थळच कल्पित, तेव्हां चित्र इतिहासास निरुपयोगी, असा पूर्वपक्ष सहज संभवतो. लुका कार्लेव्हारिस (१६६३-१७३०) याच्या कृतींवरून त्याचा विचार करूं.

हा चित्रकार मूळचा उदिने येथील. कारकीर्द व्हेनिसमध्यें गेली. खऱ्या स्थळांविषयीं त्याचा अधिकार मोठा. व्हेनिसच्या इमारती व देखावे यांचीं शंभरांहून अधिक चित्रें त्यानें तांब्याच्या पत्र्यांवर कोरून १७०३ सालीं प्रसिद्ध केलीं. असा मनुष्य बंदर कल्पितो तें अज्ञानानें नव्हे, बुद्धिपुरस्सर. एकीकडे रोमन धर्तीचे भग्न खांब, दुसरीकडे बुरूज, मध्यें गलबतांच्या डोलकाठ्या. धक्क्यावर गांठोडीं, हमाल व पागोटीं घातलेले पूर्वेकडील व्यापारी. यांतील इमारती आम्हांस नाटकाच्या पडद्यासारख्या वाटतात. जीव आहे तो माणसांत.

याचें कारण उपलब्ध आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया व आल्बर्ट संग्रहालयांत त्याचीं पन्नासांहून अधिक लहान तैलटिपणें आहेत. त्यांत मुख्यतः सुटीं माणसें रंगविलीं असून, त्यांतील कांहीं पुढें पूर्ण चित्रांत जशींच्या तशीं उतरलीं आहेत.

धनंजयानें ‘दशरूपका’त कथावस्तूचे प्रख्यात, उत्पाद्य व मिश्र असे तीन भेद केले आहेत. आमच्या मतें हीं चित्रें मिश्र होत: स्थळ उत्पाद्य, माणसें पाहिलेलीं. म्हणून बुरुजावरून तटबंदीचा निर्णय करूं नये. पोषाखाविषयीं मात्र साक्ष अवश्य घ्यावी.

तींतहि एक सावधगिरी हवी. एकच हमाल अनेक चित्रांत दिसला, तर साक्षीदार अनेक होत नाहींत. एकाच मूळ पोथीवरून उतरलेल्या दहा प्रतींत एक पाठ आढळला, तरी प्रमाण एकच. तोच न्याय येथें लागू आहे. शिवाय ती साक्ष टिपण केलें त्या काळची, चित्र पूर्ण झालें त्या सालची नव्हे. तात्पर्य, अशा चित्राची नोंद करणारानें बंदराचें नांव शोधण्यांत श्रम घालविण्यापूर्वीं त्यांतील माणसें अन्यत्र आढळतात काय, हें पाहावें.