पारेषण-योजनेतील ‘मागणी’

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय विद्युत योजनेचा पारेषणविषयक खंड प्रसिद्ध केला. २०३२ पर्यंतच्या दशकात सुमारे १.९१ लक्ष सर्किट किलोमीटर नव्या वाहिन्या उभारणे आणि देशाच्या निरनिराळ्या प्रदेशांमधील वहनक्षमता ११९ गिगावॉटवरून १६८ गिगावॉटपर्यंत नेणे, हा त्यातील संकल्प होय. या विस्ताराची कारणे मुख्यतः दोन : दूरच्या प्रदेशांतील सौर व पवन वीज वाहून आणणे, आणि वाढती मागणी भागवणे. पैकी दुसऱ्या कारणातील ‘मागणी’ हा शब्द वाटतो तितका सरळ नाही.

विस्ताराची निकड वादातीत आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईला वीज आणणाऱ्या ४०० केव्ही वाहिन्या एकामागून एक निकामी झाल्या आणि महानगराचा मोठा भाग कित्येक तास अंधारात राहिला. खारघर-विक्रोळी वाहिनीचे नियोजन त्याच्या कितीतरी आधीचे. ती कार्यान्वित झाली २०२३ मध्ये. विलंबाचे मोल किती असते, हे यावरून कळते.

तथापि, निकड सिद्ध झाली म्हणजे मोजमाप निर्दोष ठरत नाही. व्यवहारातील मराठीत मागणी ही मागणाऱ्याची कृती आहे. मुलीला मागणी घातली जाते, मजूर वेतनवाढीची मागणी करतात. ती फेटाळली गेली तरी मागणी केली गेली, हे खोटे ठरत नाही. विद्युतशास्त्रात मात्र मागणी म्हणजे विशिष्ट वेळी ग्रिडवर पडणारा, मेगावॉटमध्ये मोजलेला भार. दोन्ही अर्थ आपापल्या क्षेत्रात यथार्थच आहेत. घोटाळा होतो तो दुसऱ्या अर्थाने मोजलेला आकडा पहिल्या अर्थाने वाचला जातो तेव्हा.

महाराष्ट्रातील कृषिपंपांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांना थ्री-फेज वीज आठवड्यातील काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री देण्याची प्रथा वर्षानुवर्षे चालत आली. सर्व पंप एकदम चालले तर भार पेलवणार नाही, म्हणून हे चक्राकार वेळापत्रक. रात्री एक वाजता फीडरवर जो भार नोंदला जातो, तो तांत्रिक अर्थाने मागणीच. परंतु साप-बिबट्यांचे भय सोसून पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याने ती वेळ मागितलेली नसते. शिवाय, पैसे भरूनही जोडणीची वाट पाहणारा शेतकरी कार्यालयीन बोलीत ‘पेड पेंडिंग’ असतो. त्याने मागितले आहे, मोलही भरले आहे. पण जोडणीच नसल्यामुळे मोजलेल्या भारात त्याची नोंद नाही.

भारनियमनाने तोडलेला भार हिशेबात धरला जातो, असे यावर उत्तर देता येईल. परंतु वेळापत्रकाने सरकवलेला भार तुटलेला दिसत नाही, म्हणून तो तूट म्हणूनही गणला जात नाही. कृषी-वापराचा अंदाज बांधताना पंपांची संख्या, त्यांची सरासरी शक्ती आणि चालण्याचे तास विचारात घेतले जातात. हे तास पुरवठ्यानेच ठरवून दिलेले असतील, तर पुरवठ्याची मर्यादा मागणीचा वेष घेऊन पुढील योजनेत शिरते. ज्या उणिवेवर उपाय करायचा, तीच अशा रीतीने प्रमाण मानली जाते.

२०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजनेने हा प्रश्न अधिक स्पष्ट केला आहे. उपकेंद्राजवळच सौरवीज निर्माण करून ती पंपांना दिवसा दिली की भाराची वेळ बदलते आणि वरच्या वाहिन्यांवरील ताणही हलका होतो. उलट, पावसाळ्यात पंप बंद असताना, ऊन पडले की तीच वीज उपकेंद्रातून वर चढू पाहते. काल जेथे केवळ मागणी होती तेथे आज निर्मिती आहे. तेव्हा मागणी ही निसर्गदत्त राशी नसून धोरणाने घडणारी वस्तू आहे, हे मान्य करावे लागते.

याचा अर्थ वाहिन्या उभारू नयेत असा नाही. परंतु मनोरा एकदा शेतात रोवला की तो अनेक दशके तेथेच राहतो. त्याच्या समर्थनार्थ दिलेला आकडा तितकाच पक्का असावा, ही अपेक्षा रास्त आहे. पारेषण-योजनांनी नोंदलेली मागणी, सरकवलेली मागणी आणि प्रलंबित मागणी अशी तीन कोष्टके निरनिराळी छापावीत. ज्याच्या बांधावरून वाहिनी जाते आणि ज्याचा स्वतःचा पंप अद्याप जोडणीविना आहे, अशा शेतकऱ्याला निदान तिसऱ्या कोष्टकात तरी आपले स्थान सापडेल.