दंडाधिकाऱ्याचा सद्भाव आणि कार्यपद्धतीतील चूक : एक चिकित्सा

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मधील कलम ४६० व ४६१ एकापाठोपाठ येत असली तरी त्यांची भूमिका परस्परविरुद्ध होती. कायद्याने अधिकार दिलेला नसताना दंडाधिकाऱ्याने चुकून, परंतु सद्भावपूर्वक, झडतीचे वॉरंट काढले, अदखलपात्र गुन्ह्याच्या तपासाचा आदेश पोलिसांना दिला किंवा आरोपीस माफीचा साक्षीदार केले, तर केवळ अधिकाराच्या अभावामुळे ती कार्यवाही रद्द होणार नाही, असे कलम ४६० सांगत असे. त्यात अशा ९ कृती होत्या. कलम ४६१ मधील १७ कृतींना मात्र ही सवलत नव्हती. तेथे कार्यवाहीच शून्यवत ठरे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कलम ५०६ व ५०७ मध्ये हीच रचना पुढे चालू ठेवली आहे.

या रचनेचा सर्व भार ‘सद्भाव’ या एका शब्दावर आहे, आणि तो शब्द दिसतो तितका सौम्य नाही. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ नुसार प्रामाणिकपणे केलेली कृती निष्काळजीपणाची असली तरी सद्भावपूर्वकच असते. दंडविधीत तसे नाही. भारतीय दंड संहितेचे कलम ५२ आणि आता भारतीय न्याय संहितेची व्याख्या योग्य काळजी व लक्ष यांची अट घालते, आणि प्रक्रिया संहितेने स्वतः न केलेल्या व्याख्या दंडविधीतूनच घेतल्या आहेत. तेव्हा आपल्या अधिकाराची मर्यादा पडताळून न पाहणाऱ्या दंडाधिकाऱ्यास नुसत्या प्रामाणिकपणावर या कलमाचा आश्रय मिळू नये. पण ही काळजी घेतली होती की नाही, हे ठरवावयाचे कशावरून? कलम त्याविषयी मौन पाळते. कारणे नोंदविण्याचे बंधनही घालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध सिंघारा सिंह (१९६४) या प्रकरणात चुकीच्या क्षमापनास स्पष्ट सीमा घातली. द्वितीय वर्ग दंडाधिकाऱ्याने विशेष अधिकार नसताना कबुलीजबाब नोंदविला होता. प्रिव्ही कौन्सिलच्या नझीर अहमद (१९३६) निर्णयाचा आधार घेऊन, त्या कबुलीजबाबाविषयी दंडाधिकाऱ्याची तोंडी साक्षही न्यायालयाने अग्राह्य मानली. नोंदीतील उणीव भरून काढता येते, अधिकाराचा अभाव नव्हे, हा त्यामागील विचार आहे. कबुलीजबाबाच्या बाबतीत जो विचार इतका कठोरपणे लागू होतो, तो घराच्या झडतीच्या बाबतीत शिथिल का व्हावा, याचे समाधानकारक उत्तर संहितेत सापडत नाही.

उलट बाजूही तितकीच विचारात घेण्याजोगी आहे. अधिकार नसलेल्या दंडाधिकाऱ्याने खटला चालवून आरोपीस निर्दोष सोडले, तर ती कार्यवाही शून्यवत असल्याने आणि पुन्हा खटला न चालविण्याचे संरक्षण सक्षम न्यायालयाच्या निर्णयापुरतेच असल्याने, त्यास पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागू शकते. पोटगीच्या आदेशाची गतही तीच. असे प्रसंग विरळा घडतात हे खरे. परंतु घडतात तेव्हा चूक दंडाधिकाऱ्याची आणि भुर्दंड पक्षकाराचा, असा प्रकार होतो. न्यायिक अधिकारी संरक्षण अधिनियम, १८५० मुळे, अधिकारितेवर सद्भावपूर्वक विश्वास ठेवणाऱ्या न्यायाधीशाविरुद्ध दिवाणी दावाही चालत नाही.

या सवलतीचे मूळ १८९८ च्या संहितेतील कलम ५२९ व ५३० मध्ये आहे. त्या काळी दंडाधिकाऱ्यांचे तीन वर्ग होते, त्यांचे अधिकार परिशिष्टांतून वाटलेले होते आणि महसुली कामाबरोबरच फौजदारी काम पाहणारे अधिकारी पुष्कळ होते. त्यांच्या गोंधळास क्षमा करणे समजण्यासारखे होते. मुंबई राज्याने १९५१ च्या अधिनियमाने न्यायिक व कार्यकारी कामे वेगळी केली, १९७३ च्या संहितेने ते तत्त्व देशभर नेले. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यास तीच सवलत त्याच शब्दांत देताना २०२३ च्या विधिमंडळाने तिचा फेरविचार केल्याचे कलमांच्या मजकुरावरून तरी दिसत नाही.

न्यायहानी झाली काय, ही कसोटी कलम ४६५ मध्ये होती व आता कलम ५११ मध्ये आहे. कलम ५०६ मध्ये ती नाही. ‘केवळ’ या शब्दामुळे अन्य कारणांवर आक्षेप घेण्याची वाट मोकळी राहते, एवढाच दिलासा. कलम ५११ आक्षेप आधीच्या टप्प्यावर घेता आला असता काय, हेही पाहावयास सांगते. झडतीचे वॉरंट मात्र घरमालकास न ऐकताच निघते, आणि त्याचा पहिला आक्षेप पोलीस दारात आल्यानंतरचाच असतो.