‘समाधानकारक’ हवेचे गणित

हवेचा गुणवत्ता निर्देशांक आता तापमानाशेजारी छापून येतो, आणि आपण तो तापमानासारखाच वाचतो. तसा तो वाचू नये. तापमान हे मोजमाप आहे. निर्देशांक हा मोजमापावर मारलेला शेरा आहे.

मोजले काय जाते? पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान व्यासाचे कण. बऱ्याच केंद्रांवरील यंत्र हे कण फितीवर गोळा करते आणि तिच्यातून बीटा किरण किती कमी पार होतात यावरून त्यांचे वस्तुमान काढते. समजा, २४ तासांची सरासरी घनमीटरला ४५ मायक्रोग्रॅम आली. इथपर्यंत भौतिकशास्त्र झाले.

भारतात २०१५ साली लागू झालेल्या पट्टीवर ३० ते ६० मायक्रोग्रॅमना ५० ते १०० अंक आहेत. ४५ हा मध्य, म्हणून निर्देशांक ७५, शेरा ‘समाधानकारक’. अमेरिकेच्या पट्टीवर ३५.५ ते ५५.४ ला १०१ ते १५० अंक आहेत. तिथे हीच हवा सुमारे १२४ वर जाते आणि संवेदनशील व्यक्तींना अपायकारक ठरते. (त्रैराशिकाचा चांगला नमुना आहे, वर्गात जरूर सोडवून घ्यावा.) जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची २४ तासांची मर्यादा तर १५ आहे.

आपल्या धुळीच्या देशात कडक पट्टी लावली तर बहुतेक दिवस लाल दिसतील आणि लोक बघणेच सोडतील, हा युक्तिवाद मला अगदी पोकळ वाटत नाही. माझा आक्षेप शब्दावर आहे. ‘समाधानकारक’ गटापुढे अधिकृत तक्त्यातच लिहिले आहे की, संवेदनशील व्यक्तींना श्वसनाचा किरकोळ त्रास संभवतो. मग वर्गातल्या दमेकरी मुलाने कशाचे समाधान मानायचे?

दुसरा दोष सहज दिसत नाही. प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढून त्यांतला सर्वांत मोठा तेवढा जाहीर होतो. धूलिकणांचा १८० असेल, तर नायट्रोजन डायऑक्साइडचा ४० असो वा १७५, उत्तर १८०च. छातीत मात्र दोन्ही जातात.

शिवाय कणांची सरासरी २४ तासांची. हिवाळ्यात सकाळी जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही, धूर खालीच कोंडतो आणि दुपारी विरतो. सकाळच्या शाळेची प्रार्थना आणि कवायत नेमकी त्या कोंडलेल्या वेळी होते. जवळच्या केंद्राचे तासातासाचे मायक्रोग्रॅमचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. कवायतीची वेळ ठरवायची असेल तर निर्देशांक बाजूला ठेवून ते पाहावेत.